केस आले की

ऑफिसात आला की तो आधी पंख्याचं बटण फिरवायचा. बसणं नंतर, पाणी पिणं नंतर, माझी विचारपूस तर त्याहूनही नंतर. पाचवरचा पंखा दोनवर आणायचा आणि माझ्याकडे न बघता म्हणायचा, "दोनवर राहू द्या, ताई. कागद उडतात."

तुमच्यापैकी कोणी उरणचा मे महिना काढला असेल तर त्याला मी वेगळं सांगायला नको. पत्र्याचं ऑफिस, समोर तापलेले कंटेनर आणि खाडीवरून येणारी ती चिकट हवा. कागदांवर तर मी केव्हाच दगड ठेवलेले होते. काय उडतं आणि काय झाकायचं आहे हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी वहीच्या पुठ्ठ्याने वारा घेत बसायचे आणि मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे.

आमच्या यार्डात तो सर्व्हेअर होता. जहाजांवरून उतरलेले रिकामे कंटेनर आमच्याकडे येतात. कुठला चेपलाय, कुठला गंजलाय, कुणाच्या पत्र्याला भोक पडलंय हे बघून दुरुस्ती सांगायची, हे त्याचं काम. त्यातली एक तपासणी मला फार आवडायची. तो कंटेनरच्या आत जायचा, बाहेरून दारं लावून घ्यायचा आणि काळोखात उभा राहायचा. पत्र्याला सुईएवढं भोक असलं तरी आत उजेड दिसतो. मग आतून ठकठक करायचा, की बाहेरचा माणूस दार उघडायचा.

मी त्याला ओळखायला लागले तेव्हा तो टकला होता. चांगला, गुळगुळीत, तिशीतच झालेला टकला. त्याचे वडील टकले, काका टकले, आजोबांच्या फोटोतही टक्कलच. धाकटा भाऊ तेवढा आईवर गेलेला, डोक्यावर नुसतं जंगल. तो स्वतःवरच विनोद करायचा. हेल्मेट काढून डोकं पुसताना म्हणायचा, "ताई, गॉगल लावा, झाकण काढतोय." दुपारी डबा खाताना पंखा पाचवर असायचा आणि त्याच्या आईने दिलेली वालाची उसळ आम्ही वाटून खायचो. त्या दिवसांत तो मोठ्याने हसायचा हे आज कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

त्याच्यासाठी स्थळ मी आणलं. माझं माहेर रायगडातल्या तळा गावाजवळचं. माझ्या चुलतभावाची मुलगी वनिता तिथे बालवाडीवर शिकवते. मुलगी सरळ, पण तोंडाने फटकळ. आमच्या घराण्याचाच गुण तो. मी म्हटलं, हा हसरा, ती बोलकी, जमेल.

पोहे खायला गेलो तेव्हा हा डोक्यावर टोपी घालून बसला. बाहेर ऊन मी म्हणत होतं. वनिताने पोह्यांची बशी पुढे केली आणि म्हणाली, "टोपी काढा की. उकडत नाही का?" माझ्या भावाने खोकल्याचं निमित्त केलं. याने टोपी काढली. वनिताने एकदा नीट बघितलं आणि म्हणाली, "हं. आता बरं वाटेल. आणि शर्टावर पोहे सांडलेत ते पुसा." नंतर स्वयंपाकघरात मला म्हणाली, "आत्या, माणूस बरा वाटतो. मला चालेल."

परतीच्या वाटेवर वडखळला चहाला थांबलो. मी खुशीत होते. हा कपात बघत बसलेला.

"ताई, ती दयेनं हो बोलली."

"वनिता आणि दया? अरे, तिने तुझ्या शर्टावरचे पोहे दाखवून दिले सगळ्यांसमोर."

"तसं नव्हे. लग्नाचा फोटो भिंतीवर लागतो. जन्मभर ती माझ्याशेजारी उभी दिसणार आणि येणारा-जाणारा बोलणार, बिचारीला टकला मिळाला." मग चहा तसाच ठेवून म्हणाला, "वर्षभर थांबायला सांगा त्यांना. केस आले की करू लग्न."

केस आले की. हे तीन शब्द मी त्याच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा ऐकले. पुढे इतक्यांदा ऐकले की आता कुणी दुसऱ्याने म्हटले तरी माझं डोकं उठतं.

नवी मुंबईत कुठल्याशा इमारतीत, मोबाइलच्या दुकानावर, केस लावून देणारे होते. नाव विचारू नका, आता ती पाटीही तिथे नाही म्हणतात. डॉक्टर आला, कपाळावर पेनाने रेघ मारून गेला. बाकीचं काम तिथल्या पोरांनी केलं. आणि या शहाण्याने त्यांना वर सूचना दिल्या.

ती सूचना समजायला त्याच्या गावचं शेत डोळ्यांपुढे आणायला हवं. भाताची रोपं आधी एका लहानशा तुकड्यात दाट वाढवतात, त्याला राब म्हणतात. तिथून उपटलेली रोपं, म्हणजे आवण, मग सगळ्या खाचरांत लावायची. त्याच्या गावात रस्त्याला लागून असलेलं खाचर आधी लावतात आणि दाट लावतात. येणारा-जाणारा तेच बघतो ना. आतल्या खाचरांना उरलंसुरलं. आवण कमी पडलं तर शेजारचा देतो, त्याला कमी पडलं तर आपण द्यायचं. पिढ्यान् पिढ्या असंच चाललंय आणि भात काही कमी पिकलेलं नाही.

डोक्याच्या मागचे केस उपटून पुढे लावतात, हे कळल्यावर त्याला ते सगळं एकदम ओळखीचं वाटलं असणार. त्याने त्या पोरांना सांगितलं, "पुढं दाट लावा. रेघ एकदम सरळ आणि खाली घ्या. मागचं मागाहून बघू." त्यांनी मान डोलावली. मागचं जेवढं निघालं तेवढं सगळं त्यांनी पुढे लावून टाकलं.

सुरुवातीचे महिने तो खुशीत होता. लावलेले केस आधी गळतात आणि मग उगवतात, हे तो आम्हाला समजावून सांगायचा. उगवलेही. ते उगवले तेव्हा आम्हाला कळलं की काय झालंय. भुवयांच्या थोडंच वर, खाडीच्या बांधासारखी सरळ रेघ, जाड जाड झुबक्यांची. तिच्यामागे पूर्वीचंच मोकळं टक्कल. आणि डोक्याच्या मागे, जिथे आधी चांगले दाट केस होते, तिथे उंदराने कुरतडल्यासारखे चट्टे. तेलही गेलं, तूपही गेलं.

यार्डात कुणी काही बोललं नाही आणि तेच वाईट होतं. टकला असताना लोक त्याच्या डोक्यावर टपली मारायचे. आता त्याच्या डोक्यापासून नजर चोरायला लागले. ट्रेलरवाल्यांनी मात्र आपसात नाव ठेवलं, 'कुंपण'. "कुंपणसाहेब किधर है?" असं एकाने खिडकीत येऊन विचारलं तेव्हा हा माझ्यासमोरच बसलेला होता. त्याने शांतपणे त्याचा कागद तपासून सही करून दिला. त्या दिवसापासून पिवळं हेल्मेट ऑफिसातही डोक्यावरच राहिलं. डबा खाताना ते काढायचा, तेव्हा पंखा दोनवर.

दुरुस्तीसाठी मुंबईच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेला तेव्हा मला म्हणाला, "ताई, बहीण म्हणून चला. मला एकट्याला ऐकायला नको वाटतं." गेले. बाई चांगल्या होत्या, सरळ बोलणाऱ्या. त्यांनी भिंग लावून पुढचं बघितलं, मागचं बघितलं, हनुवटीखालची दाढीही बघितली. मग समोर बसल्या.

"हे सुधारता येईल," त्या म्हणाल्या. "पुढची रांग हळूहळू काढून तेच केस थोडे मागे लावू. मागच्या चट्ट्यांत दाढीचे केस भरून बघू. पण एक नीट ऐका. पहिल्यासारखं होणार नाही. मागे काढण्यासारखं फारसं काही शिल्लक नाही."

त्याने मागच्या चट्ट्यांवरून बोटं फिरवली. मग त्याने विचारलं, "डॉक्टर, भावाचे चालतील का?"

"काय?"

"केस. धाकट्याचे भरपूर आहेत. तो द्यायला तयार आहे, मी विचारलंय त्याला."

बाई हसल्या नाहीत, हे त्यांचे माझ्यावर उपकार. त्यांनी समजावलं की दुसऱ्याचे केस आपलं अंग धरत नाही, सख्ख्या भावाचेही नाही. याने मान हलवली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "म्हणजे राबच संपला, ताई." शेजाऱ्याकडे मागता येत नाही असं आवण त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं. मी बाईंचे आभार मानून त्याला बाहेर आणलं.

खाली रस्त्यावर आलो तर याचा चेहरा उजळलेला. "ऐकलंत ना, ताई? सुधारता येईल, बोलल्या."

"त्या पुढेही काही बोलल्या."

"ते डॉक्टर लोकांना बोलावंच लागतं."

मला राग आला. म्हटलं, "तू कंपनीवाल्यांना रोज काय सांगतोस? डेंट निघेल, पण पत्रा नवा होणार नाही. तोंडपाठ आहे ना तुला?"

"पत्र्याला वाढ नसते, ताई," तो म्हणाला. "केसाला असते." कपाळ माझं.

त्या बाईंकडे दुरुस्ती सुरू झाली आणि मग वाट बघणंही. एकदा काही केलं की वर्षभर थांबायचं, तेव्हा ते कळतं, मग पुढचं. त्या थांबण्यात त्याने सगळंच टांगून ठेवलं. घरावर वरची खोली बांधायची होती, केस आले की. यार्डाच्या ओळखपत्रावर नवा फोटो हवा होता, केस आले की. मावसभावाच्या हळदीला सगळं गाव रात्रभर नाचलं, हा गेला नाही. त्याची आई बाजारात भाजी विकायला बसते, तिने एकदा माझ्या पिशवीत शिराळी घालता घालता विचारलं, "बाय, त्याला काय झालाय गो? घरात पन टोपी घालून जेवतंय." वडील मिठागरावर राबलेले, मोजकं बोलणारे. एकदा ऑफिसात त्याचा विसरलेला डबा द्यायला आले होते. त्याच्या हेल्मेटकडे बघितलं आणि आपल्या टकलावरून हात फिरवत म्हणाले, "बाला, येक खाचर पडीक रायला म्हनून कोनी घर सोडतं काय?" तो म्हणाला, "बाबा, तुम्हाला कळायचं नाही." म्हातारा डबा टेबलावर ठेवून निघून गेला.

आणि तिकडे वनिता थांबली होती. पहिलं वर्ष थांबली, दुसऱ्यातही थांबली. हा तिच्याशी फोनवर बोलायचा, चांगलं बोलायचा, पण भेटायचं म्हटलं की नाही. शेवटी एक दिवस ती न सांगता उरणला आली. सरळ आमच्या ऑफिसात. "आत्या, कुठे आहेत ते?"

मी खिडकीतून बाहेर बघितलं. मघापर्यंत तो समोरच उभा होता. त्याने गेटवरून येणारी वनिता पाहिली असणार. एका कंटेनरची दारं बंद होती आणि त्याच्याबरोबर तपासणीला असतो तो माणूस बाहेर खाली मान घालून उभा होता.

आम्ही चहा घेतला. मग दुसरा चहा घेतला. एवढ्या वेळात आगपेटीतली काडी न् काडी तपासून झाली असती. वनिता उठली. मी तिला हेल्मेट दिलं आणि तिच्यामागोमाग गेले. तिने पत्र्यावर ठकठक केली.

"आत आहात ना?"

जरा वेळाने आतून आवाज आला, घुमल्यासारखा. "तपासणी चालू आहे."

"दिसलं का कुठे भोक?"

आत बूट घासल्याचा आवाज झाला.

"मी तळ्याहून आलेय. बाहेर येता का?"

"दिवाळीपर्यंत थांबा," तो आतून म्हणाला. "पुढचे काढून मागे लावलेत. दिवाळीपर्यंत येतील. केस आले की मी स्वतः येतो घरी."

"मला केस बघायचे नाहीत. तुम्हाला बघायचंय."

आत काहीच हललं नाही. बाहेरच्या माणसाने दाराच्या दांड्याला हात घातला, माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून नको म्हटलं. दुसऱ्याने दार उघडून काय उपयोग होता? वनिताने तापलेल्या पत्र्यावर तळवा ठेवला, चटका बसला तसा काढून घेतला आणि गेटकडे चालू लागली. रिक्षात बसताना मला म्हणाली, "आत्या, मी टकल्याला हो बोलले होते. या माणसाला काय बोलायचं ते मला कळत नाही." तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तिला ते पुसायचीही लाज वाटत नव्हती.

दिवाळी आली. खरं सांगायचं तर थोडं बरं दिसत होतं. ती सरळ रेघ मोडली होती, झुबके विरळ झाले होते. पण जिथून ते काढले तिथे कपाळावर पांढरे ठिपके राहिले, आणि मागे भरलेले दाढीचे केस राठ, आपल्याच मर्जीने वळणारे. चार पावलांवरून कुणाला कळलं नसतं. हा मात्र चार बोटांवरून बघायचा. ट्रेलरच्या आरशात, मोबाइलमध्ये, माझ्या डब्याच्या चकचकीत झाकणातसुद्धा. "अजून एकदा डॉक्टरीणबाईंकडे बसायला लागेल, ताई," तो म्हणाला. "मग एकदम ठीक."

मी त्याला म्हटलं, "आज संध्याकाळी तळ्याला चल. आहेस तसा चल. मी बरोबर येते." अगदी हात धरला त्याचा.

त्याने हात सोडवून घेतला नाही. नुसता बघत राहिला माझ्याकडे, आणि मला क्षणभर वाटलं की येतोय. मग म्हणाला, "एवढं थांबलोय ना, ताई. आता अर्धवट घेऊन कशाला जाऊ?"

माझ्या भावाचाही धीर सुटला. त्यात त्याची चूक नाही. दारात मुलगी किती दिवस थांबवणार? म्हसळ्याकडचं स्थळ आलं. मुलगा एसटीत कंडक्टर. वनिता हो म्हणाली. मी ते त्याला ऑफिसात सांगितलं तेव्हा तो एका कंटेनरचा कागद भरत होता. तो भरून पुरा केला, शिक्का मारला, आणि विचारलं, "मला बोलावणं आहे का?"

"आहे," मी म्हटलं. वनितानेच सांगितलं होतं.

तो येणार नाही अशी माझी खात्री होती. पण आला. तळ्याला मांडवात मागच्या खांबाजवळ उभा राहिला, नवा शर्ट, डोक्यावर टोपी. मी जाऊन त्याच्याशेजारी उभी राहिले. नवऱ्या मुलाकडे बघायला तोवर मला सवड झाली नव्हती, आणि त्याच्या डोक्यावर फेटा होता. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, लोक जेवायला पांगले. मांडवात नुसती भट्टी पेटलेली. नवऱ्या मुलाने इकडेतिकडे बघितलं, फेटा उचलून मांडीवर ठेवला आणि रुमालाने डोकं खसाखसा पुसलं.

पूर्ण टकला होता. आमच्या याच्या जुन्या टकलाला मागे टाकेल असा.

अक्षतांचे दोन-चार तांदूळ त्या घामेजल्या डोक्याला चिकटले होते. वनिताने ते बघितले, हसली, आणि भरल्या मांडवात हात वर करून एकेक टिपून काढले. तोही हसला आणि तिला नीट काढता यावेत म्हणून मान खाली केली.

मला माझ्याशेजारी बघवेना. पण बघावं तर लागणारच होतं. त्याच्या तोंडावर राग नव्हता, हेवाही नव्हता. तो त्या डोक्याकडे बघत होता, आणि हळूच म्हणाला, "म्हणजे ताई, ती खरंच हो बोलली होती."

जेवला नाही. एसटीला वेळ आहे म्हटलं तरी थांबला नाही.

त्यानंतर काही दिवसांतच त्याने नोकरी सोडली. गुजरातेत एका बंदरावर काम धरलं, तेही क्रेनवर. दिवसभर उंच काचेच्या खोलीत एकटा, डोक्यावर हेल्मेट, जवळ कुणी नाही. जाताना मला त्याच्या आईने केलेली वालाची उसळ देऊन गेला. आता माझ्यासमोर दुसरा माणूस बसतो. पंखा पाचवर असतो आणि मला वारा लागतो. तो लागला की मला बरं वाटत नाही, हे मी कुणाला सांगू?

परवा बाजारात त्याची आई भेटली. म्हातारा आता अंथरुणाला खिळलाय. "त्याला फोन कर गो, तुजा ऐकंल," म्हणाली. मी तिथेच, भाजीच्या टोपलीपाशी उभं राहून फोन लावला. त्याचा आवाज पूर्वीसारखा वाटला, अगदी हसरा. मला क्षणभर आशा वाटली. बाबांचं सांगितलं. त्याचं हसणं थांबलं.

"ये आता," मी म्हटलं. "तुझी वाट बघतायत ते. अरे, ते तुझं डोकं बघणार आहेत का?"

"येतो ना, ताई. येणारच आहे." मग त्याचा आवाज उत्साहाने भरून आला. "इथं अहमदाबादला एक डॉक्टर सापडलाय. मोठा माणूस आहे. त्यानं सगळं नीट बघितलं. बोलला, सुधारता येईल. पुढच्या महिन्यात बसतोय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"फक्त थोडं थांबायला सांगा बाबांना," तो म्हणाला.

त्याची आई माझ्या तोंडाकडे बघत होती. "काय बोलतो?" तिने विचारलं. "कदी येतो?"